साक्ष आणि निवाडा : लढाईचं चित्र कसं पाहावं?

(बेल्हे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपण जुन्नर तालुक्यात बसलो आहोत. शिवनेरी आपल्या तालुक्यात. त्यामुळे इतिहासाची चित्रं आपल्याला नवीन नाहीत. शाळेच्या भिंतीवर आहेत, कॅलेंडरवर आहेत, ट्रकच्या मागे आहेत, आणि आता तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. इतकी चित्रं आपण बघतो, पण चित्र बघण्याबद्दल बोलतो मात्र फार कमी. आज तेवढंच करायचं आहे. ऐतिहासिक लढाया आणि ऐतिहासिक व्यक्तींचे चेहरे आपल्या चित्रकारांनी कसे रंगवले, आणि आपण ते कसे पाहावेत, एवढाच विषय. आणि त्यासाठी मुख्यतः एकच चित्रकार घेणार आहे, महादेव विश्वनाथ धुरंधर.

सुरुवातीलाच माझं म्हणणं सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाद घालायला सोपं जाईल. समोर बसवून काढलेलं व्यक्तिचित्र ही एक साक्ष असते. लढाईचं चित्र साक्ष नसतं, तो निवाडा असतो. साक्ष म्हणते, ‘असं होतं, मी पाहिलं.’ निवाडा म्हणतो, ‘घडलं त्याचा अर्थ मला असा लागतो.’ दोन्हींना किंमत आहे. घोटाळा केव्हा होतो? आपण निवाड्याला साक्ष समजून हात जोडतो तेव्हा. कारण निवाड्याला कारणं विचारता येतात, विचारलीच पाहिजेत. आणि हात जोडले की विचारणं बंद होतं.

आधी साक्षीचं उदाहरण घेऊ. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात. तिथला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं त्यानं सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढली. नाना फडणवीस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं जो लांबट, विचारात पडल्यासारखा चेहरा येतो, त्याचं मूळ या वेल्सपाशी आहे. माणूस समोर होता, चित्रकार समोर होता. तरीसुद्धा ती साक्षच, बरं का. पूर्ण सत्य नव्हे. साक्षीदारालाही स्वतःचा डोळा असतो.

आता याच वेल्सची दुसरी गोष्ट पाहा. १७९० साली इंग्रज आणि पेशवे यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला. त्या दरबाराचं भव्य तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. ते रंगवलं थॉमस डॅनियलनं, १८०५ साली, इंग्लंडमध्ये. वेल्स १७९५ मध्येच वारला होता, त्याची रेखाटनं डॅनियलच्या हाती आली, त्यावरून हे चित्र उभं राहिलं. आता तारखा जुळवा. तह १७९० चा, वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये. म्हणजे ज्यानं रेखाटनं केली तो त्या प्रसंगी नव्हता, आणि ज्यानं चित्र रंगवलं तोही नव्हता. चेहरे बऱ्याच अंशी खरे, प्रसंग रचलेला. एकाच चौकटीत साक्ष आणि निवाडा शेजारी बसलेत! आणि निवाडा कुणाचा? तर चित्राचा खर्च करणाऱ्या मॅलेटचा. त्या दरबारात सगळ्यात मोठी गोष्ट कोणती घडली, तर मॅलेटनं तह केला, हा.

हेच सूत्र घेऊन शिवाजी महाराजांच्या चित्रांकडे येऊ. महाराजांच्या काळातली किंवा त्याच्या अगदी लगतची जी चित्रं आज लंडनला, ॲमस्टरडॅमला, पॅरिसला आहेत, ती बहुतेक दख्खनी किंवा मोगल पद्धतीची. चेहरा एका बाजूनं दाखवलेला, सरळ धारदार नाक, दाढी, मुद्रा शांत. पॅरिसला आहे ते मीर मुहंमद या चित्रकाराचं, महाराज घोड्यावर आहेत आणि बरोबर पायदळ चाललंय. ते निकोलाओ मनुचीनं करवून घेतलं, आणि मनुची १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत महाराजांना भेटलेला होता. एस्कॅलियट नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १६६४ साली सुरतेहून लिहिलेल्या पत्रात महाराजांचं ऐकीव वर्णन आहे. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नजर तीक्ष्ण, आणि बोलताना चेहऱ्यावर हसू असल्यासारखं वाटे.

बोलताना हसू! आता आपल्या मोबाईलमधली चित्रं आठवा. भुवया ताणलेल्या, डोळे लाल, मागं आग, वर वीज. उपलब्ध साक्ष एकीकडे शांत, किंचित हसरा चेहरा दाखवते आणि आपण दुसरीकडे संतापलेला चेहरा मागतो. मग तो संताप कुणाचा? महाराजांचा, की आपला? मी चित्रकाराला दोष देत नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. पण मागणारे आपण आहोत, हे तरी कबूल करू या.

चेहऱ्याच्या बाबतीत ही दक्षता नवी नाही. एके काळी आपल्याकडे दुसऱ्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाईन या डच लेखकाच्या ग्रंथातलं चित्र पुढं आणलं आणि चूक दाखवली. त्यांचा आदर कमी होता म्हणून त्यांनी प्रश्न विचारला नाही. आदर होता म्हणूनच विचारला. हे वाक्य मुलामुलींनी लिहून घ्यायला हरकत नाही.

आता धुरंधर. जन्म १८६७, कोल्हापूरचा. १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून गेले, तिथंच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत तिथंच राहिले. म्हणून आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. इंग्रजी पद्धतीचं शिक्षण म्हणजे छायाप्रकाश, शरीररचना, समोर मॉडेल बसवून अभ्यास. ही सगळी हत्यारं घेऊन त्यांनी मराठ्यांचा इतिहास रंगवला.

त्यांची दोन चित्रं शेजारी ठेवू. पहिलं राज्याभिषेकाचं. दरबारात शंभराहून अधिक माणसं आहेत. या प्रसंगाला साक्ष उपलब्ध होती. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन जून १६७४ मध्ये रायगडावर हजर होता. सिंहासनाच्या आसपासची सोन्याची मत्स्यचिन्हं, भाल्यांवरच्या घोड्यांच्या शेपट्या, सोन्याचा तराजू हे सारं त्यानं नोंदवून ठेवलं. एवढ्या उंच गडावर हत्ती चढवले कसे, याचंही त्याला आश्चर्य वाटलं. म्हणजे इथं चित्रकाराच्या पायाखाली जमीन आहे. तरी शंभर माणसं कोण कुठं उभी, कुणाची मान कशी वळलेली, हे ऑक्झिंडेन सांगत नाही. ते धुरंधरांनी ठरवलं. आणि त्यांनी गर्दीला गर्दी म्हणून रंगवलं नाही, माणसांचा मेळावा म्हणून रंगवलं. मुंबईच्या रस्त्यावरची साधी माणसं आयुष्यभर रेखाटलेला हात आहे तो.

दुसरं चित्र पावनखिंडीचं. आणि मला धुरंधर मोठे वाटतात ते इथं. या चित्रात महाराज आणि बाजीप्रभू दोघेही आहेत. जरा विचार करा, याचा अर्थ काय? लढाई पेटली तेव्हा महाराज विशाळगडाच्या वाटेवर होते. ज्या चित्रात दोघं एकत्र आहेत, ते चित्र लढाईच्या आधीचं असणार. हा निरोपाचा क्षण आहे. ‘तुम्ही पुढं व्हा’ असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं ते ऐकायचं, असा क्षण.

लेसिंग या जर्मन विचारवंतानं १७६६ मध्ये ‘लाओकोऑन’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा असा की कवीकडे काळ असतो, चित्रकाराकडे एकच क्षण असतो. म्हणून त्यानं असा क्षण निवडावा, ज्यात मागचं आणि पुढचं दोन्ही पोटात आहे. शिगेला पोचलेला क्षण निवडू नये, कारण तिथं बघणाऱ्याच्या कल्पनेला काम उरत नाही. आपली बहुतेक चित्रं नेमकी शिगेलाच जातात. दोन्ही हातांत तलवारी, अंगावर जखमा, तोंडातून आरोळी. ते शौर्य आहेच, नाही कुठं म्हणतो? पण निरोपाच्या क्षणात आणखी एक गोष्ट आहे, निर्णय. बाजींना काय होणार ते माहीत आहे आणि अजून काहीच झालेलं नाही. अजून मागं फिरता येतं. तत्त्वज्ञानात आम्ही ज्याला स्वातंत्र्य म्हणतो ते इथं असतं; तलवार चालायला लागल्यावर उरतो तो पराक्रम.

आता दुसरी बाजू. समीक्षा म्हणजे आरती नव्हे. धुरंधरांच्या ऐतिहासिक चित्रांत रंगभूमीचा वास येतो. माणसं नीट मांडलेली, प्रकाश हवा तिथं पडलेला. प्रत्यक्षात काय होतं? १६६० चा जुलै, आषाढी पौर्णिमेच्या आसपासची रात्र, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, त्यातून निसटून रात्रभर चिखलातून, पावसातून केलेली वाटचाल. आषाढातला सह्याद्री तुम्हाला मी काय सांगू? नाणेघाटाकडे जाऊन या आणि दहा पावलांवरचा माणूस ओळखून दाखवा. कलाशाळेच्या पद्धतीला उजेड लागतो. घोडखिंडीत तसा उजेड नसणार. हा धुरंधरांचा एकट्याचा दोष नाही, त्या पद्धतीचीच ती मर्यादा आहे. पण त्यामुळं होतं काय, की कष्ट दिसत नाहीत. कपडे कोरडे राहतात.

आणि कष्ट दिसले नाहीत की कष्ट करणारेही दिसत नाहीत. खिंडीत बाजींबरोबर हिरडस मावळातले बांदल होते. परंपरा तीनशे माणसं सांगते. त्यातली किती नावं आपल्याला येतात? फुलाजी, आणखी एखादं. चित्रात ही माणसं भाल्यांची रांग होऊन जातात.

इथं मला शिवा काशीद आठवतात. परंपरा सांगते की पन्हाळ्यावरून दोन पालख्या निघाल्या. एकीत महाराज, दुसरीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद, जातीनं नाभिक. ही दुसरी पालखी पकडली गेली आणि त्यांनी प्राण दिला. आता बघा, आज संध्याकाळपासून आपण व्यक्तिचित्रांबद्दल बोलतोय. व्यक्तिचित्र म्हणजे काय? मूळ माणसाशी असलेलं साम्य. हा माणूस स्वतःच महाराजांचं चालतंबोलतं चित्र झाला होता, आणि त्या साम्यासाठी मेला. त्याचं चित्र मात्र कुणी समोर बसवून काढलेलं नाही. पन्हाळ्याला पुतळा आहे, तो आपण मागाहून दिलेला चेहरा. राजासारखा दिसला म्हणून तो इतिहासात आला; तो स्वतः कसा दिसायचा, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. एखाद्या आजच्या चित्रकारानं हा विषय मनापासून घ्यावा, असं मला वाटतं. पालखीचा पडदा बाजूला होतो आणि आतला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्यानं बाहेर बघतो.

आता आपल्या घरची गोष्ट. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री महाराजांनी जुन्नर मारलं. दोराच्या शिड्या लावून तटावर चढले, पहारे कापले, तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेले. आपल्या तालुक्यातला एवढा मोठा प्रसंग, पण पावनखिंडीची, अफजलखानाची, तानाजींची चित्रं घरोघर, आणि जुन्नरचं चित्र कुणाच्या भिंतीवर दिसतं? का नाही, याचं माझं उत्तर असं. इथं हौतात्म्य नाही, समोरासमोरचं द्वंद्व नाही. अंधार आहे, हिशेब आहे, नेमकी माहिती आहे, वेग आहे. नव्या राज्याला घोडे लागतात आणि पैसा लागतो, हे ज्याला कळलं त्याची ही रात्र. आपण महाराजांचं धाडस रंगवतो, डोकं रंगवत नाही. आपल्या चित्रांनी दिलेला हा निवाडा अपुरा आहे.

मग चित्र बघायचं कसं? ते तुम्हाला बेल्ह्यात मी शिकवायला नको. सोमवारच्या बाजारात बैलाची शिंगं रंगवलेली असतात, गळ्यात घुंगरं असतात, छान दिसतं. पण जाणतं गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं, दोन पावलं चालवून बघतं. म्हणून काय ते बैलाचा अपमान करतं? उलट, ज्याला घरी न्यायचंय त्यालाच एवढं बघतात.

चित्राचे दात म्हणजे तीन प्रश्न. एक : चित्रकाराला हे कुठून कळलं? कुणी पाहिलेलं, कुणी लिहिलेलं, की त्यानं रचलेलं? दोन : पुढचा-मागचा सोडून हाच क्षण का निवडला? आणि तीन : चेहरा कुणाला दिलाय आणि पाठ कुणाची दाखवलीय? शाळेच्या भिंतीवर नवं चित्र काढायचं ठरेल तेव्हा रंगारी बोलावण्याआधी मुलांसमोर हे तीन प्रश्न ठेवा. तासभर भांडू द्या त्यांना. माझ्या मते त्या तासात मुलं जेवढा इतिहास शिकतील तेवढा नुसतं तयार चित्र बघून शिकणार नाहीत.

धुरंधरांचं चित्र या तिन्ही प्रश्नांना पूर्ण उतरतं असं नाही. पहिल्याला अर्धं उतरतं, तिसऱ्याला कमी पडतं. पण दुसऱ्याला ते जे उत्तर देतं, ते आजच्या शंभर चित्रांत मिळत नाही. मरणाच्या आधी माणूस ठरवतो, ती जागा त्यांनी दाखवली. एवढ्यासाठी ते पुन्हा एकदा, हात जोडण्याआधी, नीट बघा.

 आता प्रश्न विचारा, आणि मुलांनी आधी विचारा.