असिमोव्हचे तीन नियम : विज्ञान की गोष्ट?

रोबॉटवरील धडा वा लेख बहुधा आयझॅक असिमोव्हच्या तीन नियमांनी सुरू होतो. रोबॉटने माणसाला इजा करू नये, होऊही देऊ नये. याच्या आड न येणारी माणसाची आज्ञा पाळावी. आणि हे दोन्ही सांभाळून स्वतःला जपावे. मुले हे पाठ करतात आणि न्यूटनच्या तीन नियमांशेजारी ठेवून देतात. आमची हरकत आहे ती इथे.

हे नियम 'रनअराउंड' या १९४२ सालच्या विज्ञानकथेतले आहेत. कारखान्यातला पहिला रोबॉट जनरल मोटर्समध्ये कामाला लागला तो १९६१ साली. शिवाय त्या कथेतही नियम धड चालत नाहीत! बुधावर सेलेनियम आणायला पाठवलेला स्पीडी तळ्याभोवती नुसत्या फेऱ्या मारत राहतो. आज्ञा सहज बोलता बोलता दिलेली, म्हणून दुसऱ्या नियमाचा जोर कमी; यंत्र महागडे, म्हणून तिसरा नियम मुद्दाम जोरकस केलेला. दोन्ही ओढी सारख्या होतात तिथे तो अडकतो. शेवटी एका माणसाला स्वतःचा जीव धोक्यात घालून पहिला नियम जागा करावा लागतो. कथा म्हणून ही रचना फार सुरेख आहे.

प्रत्यक्ष कारखान्यात माणसाला वाचवते ते कुंपण, किंवा प्रकाशकिरणांचा पडदा. किरण अडला की यंत्र थांबते. आत आला तो माणूस की खोके, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. (आपल्या 'यंत्रमानव' शब्दातला 'मानव' इथे उगाच दिशाभूल करतो.) आता कुंपणाविना, कामगाराच्या शेजारी चालणारे यांत्रिक हात आले आहेत. सांध्यावरचा जोर अचानक वाढला की ते थांबतात. शरीराच्या कोणत्या भागाला किती दाब सोसेल, याची कोष्टके आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केली. ती वाचायची असतात अभियंत्याने. अपघात झालाच, तर जाबही माणसांनाच द्यावा लागतो. तीन नियम पाठ करणाऱ्या मुलाला मात्र वाटते की ही जबाबदारी यंत्राने उचलली आहे.

वर्गात नियम सांगायचेच असतील, तर मुलांना 'इजा' या शब्दाची व्याख्या करायला लावावी. इंजेक्शन टोचणे ही इजा का? मग पहिला नियम पाळणारा रोबॉट नर्सबाईंचा हात धरील काय? पाच मिनिटांत वर्गात दोन तट पडतील. प्रोग्रॅममध्ये लिहिता येईल इतकी नेमकी व्याख्या अजून कोणालाच जमलेली नाही, हे तेव्हा सांगावे.