‘तुराणी’ शब्दाची परीक्षा

‘तुराणी’ हा शब्द अभ्यासकांस दोन ठिकाणीं आढळतो : मोंगल दरबाराच्या कागदांत, आणि एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय पंडितांच्या ग्रंथांत. हे दोन अर्थ एक समजल्यास कागदाचा अर्थच फिरतो; म्हणून पंडितांच्या अर्थाची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

मॅक्स म्यूलर यानें १८५४ सालीं तुर्की, मोंगल, फिनी व हंगेरियन भाषा ‘तुराणी’ या एका नांवाखालीं घातल्या, आणि त्याच पंगतीस तमिळहि बसविली. आधार काय, तर प्रत्यय जोडण्याची रीत. परंतु रीतीचें साम्य म्हणजे नातें नव्हे. शायनोविच यानें १७७० सालींच शब्द व रूपें ताडून हंगेरियन व लाप भाषांचें नातें दाखविलें होतें. त्या मार्गानें उरालिक कुल सिद्ध झालें. तुर्की त्यांतील आहे हें मात्र सिद्ध झालें नाहीं.

याहून मोठा अनर्थ माणसांच्या वर्गीकरणानें केला. ब्लूमेनबाख यानें १७९५ सालीं फिन व लाप यांस ‘मोंगल’ वर्गांत टाकलें. अशाच समजुतीवरून १९०८ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें एका फिनी मजुराच्या नागरिकत्वास सरकारी वकिलानें हरकत घेतली. न्यायाधीशानें ती फेटाळली. आमच्याकडे रिस्ले यानें डोक्यांचीं मापें घेऊन मराठ्यांस ‘शक-द्राविड’ ठरविलें, तें याच विद्येचें फळ होय.

आजच्या जनुकीय संशोधनानें या इमारतीचा पायाच काढून घेतला आहे. फिन लोकांत सैबेरियाचा अंश आहे, पण तो थोडा. अनातोलियांतील तुर्कांतहि मध्य आशियाहून तेथील जुन्या रहिवाशांचाच वारसा अधिक. भाषा जितकी पसरते तितकें रक्त पसरतेंच असें नाहीं.

आतां दरबारी कागद पाहूं. निजामुल्मुल्क आसफजाह तुराणी पक्षाचा अग्रणी, कारण त्याचें घराणें समरकंदाकडून आलेलें. तेंच घराणें आपला वंश मात्र अरबस्तानांतील पहिला खलीफा अबू बकर याजपर्यंत नेतें! अर्थात् येथें ‘तुराणी’ म्हणजे मुलुख व पक्ष, वंश नव्हे.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, कागदांत ‘तुराणी’ असेल तेथें सूचींतहि ‘तुराणी’च लिहावें, ‘मोंगलवंशीय’ असा खुलासा पदरचा जोडूं नये. कागद जें बोलत नाहीं, तें त्याच्या तोंडीं घालण्याचा अधिकार आपणांस नाहीं.