पिता, समाधान आणि संसार : टिळक दांपत्याच्या लेखनाचा एक अन्वय

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या ‘अभंगांजली’चा विचार मराठी समीक्षेने भक्तिकाव्य म्हणून केला आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा विचार आत्मचरित्र म्हणून. एका घरात घडलेल्या या दोन संहिता अशा रीतीने दोन वेगळ्या कपाटांत गेल्या. परिणामी, ईश्वराच्या ठायी समाधान पावलेल्या पुरुषाच्या घरात त्या समाधानाचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न काव्याच्या समीक्षेत उपस्थित झाला नाही. आणि आत्मचरित्राच्या समीक्षेत तो विनोदाच्या कौतुकात विरून गेला.

ख्रिस्ती प्रार्थनेत ईश्वर पिता आहे. येशूने उच्चारलेला ‘अब्बा’ हा अरामी शब्द मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानात तसाच राहू दिलेला आहे, आणि तो येतो गेथशेमाने बागेतल्या व्याकुळ प्रार्थनेत. मराठी भक्तिपरंपरेत मात्र ईश्वराला हाक मारताना ‘मायबाप’ हा जोडशब्द येतो आणि त्यातली माय बहुधा वरचढ ठरते. विठ्ठलाची विठाई होते. जनाबाईच्या अभंगातला विठ्ठल लेकुरवाळा आहे. तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलेल्या टिळकांच्या रचनेत ख्रिस्तही आई होऊन येतो, हे या परंपरेला धरूनच आहे. परंतु केवळ परंपरेने त्याचा पुरता उलगडा होत नाही. टिळकांचे वडील तापट होते, या मुलावर त्यांची माया नव्हती. कविता करणारी आई गेल्यावर मुलगा घर सोडून नाशिकला आला. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले होते. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभच त्या वेडाने आणि त्यापायी होणाऱ्या घरच्या माणसांच्या हालांनी होतो. पिता या शब्दाभोवती दोघांच्याही बालपणी भीती होती. स्वर्गीय पित्याला आईचे रूप देण्यामागे ही पार्श्वभूमी असू शकते. चरित्रावरून कवितेचा अर्थ लावण्यातले धोके सर्वश्रुत आहेत. तरी येथे तो दुवा नाकारणे अधिक धोक्याचे ठरेल.

आता समाधानाविषयी. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की आहे त्या स्थितीत तृप्त राहण्यास तो शिकला आहे. त्याने योजलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेतला, स्वयंपूर्णतेचा वाचक आहे. पौल मात्र त्या स्वयंपूर्णतेचा आधार ख्रिस्तात शोधतो. हे पत्र बंदिवासातले आहे, आणि ते लिहिणारा पौल सडा माणूस आहे. त्याच्या तृप्तीची झळ कोणा लेकराला लागत नाही. टिळक संसारी होते. हातात आलेला पैसा ज्याला गरज त्याला देऊन टाकावा, हा त्यांचा स्वभाव. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन त्यांनी ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. भक्ताच्या घरातली ही ओढाताण मराठी वाचकाला अपरिचित नाही. तुकारामाच्या पत्नीची कथा आजही कीर्तनातून सांगितली जाते, पण ती सांगणारे कीर्तनकार असतात आणि तिच्या वाट्याला बहुतेकदा कजागपणाच येतो. लक्ष्मीबाईंनी ती बाजू स्वतः लिहिली.

ऑगस्टीनशी तुलना केल्यास या घटनेचे महत्त्व ध्यानात येते. त्याचे ‘कन्फेशन्स’ हे ईश्वरातील विश्रांतीचे पाश्चात्त्य साहित्यातले आद्य आत्मकथन. त्यात वडील पॅट्रिशियस कोपऱ्यात आहेत. त्यांच्या मृत्यूचा उल्लेखही ओझरता. मुलगा अदेओदातुस ३८७ मध्ये मिलान येथे बापाबरोबरच बाप्तिस्मा घेतो आणि अल्पवयातच मरण पावतो. या मुलात जे चांगले ते ईश्वराचे, आपला वाटा फक्त पापाचा, असे ऑगस्टीन म्हणतो. ही नम्रता खरी आहे. परंतु तीत पितृत्वाची जबाबदारीही अलगद ईश्वरावर सरकते. त्या मुलाची आई आफ्रिकेला परत पाठवली गेली. ग्रंथात तिचे नाव नाही आणि तिची स्वतःची संहिता तर असणेच शक्य नव्हते. तिला लिहिता आले असते तर ‘कन्फेशन्स’ कसे वाचले गेले असते, या कल्पनेला ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतून मिळालेले एक उत्तर आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दत्तू लहान होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची पत्नी आणि मुलगा त्यानंतरचा काही काळ नातेवाइकांच्या आश्रयाने राहिले ते पंढरपुरात. विठाईच्या गावी एक मूल बापावाचून होते आणि तिकडे बापाला नवा पिता लाभला होता. दैवाची ही रचना कादंबरीकाराने केली असती तर समीक्षकांनी तिला कृत्रिम म्हटले असते. लक्ष्मीबाई या विसंगतीवर भाष्य करीत नाहीत. त्या प्रसंग सांगतात, पतीला ‘टिळक’ म्हणतात आणि पुढच्या वाक्यात हसवतात. हा विनोद पतीला क्षमा करतो, पण हिशेब मिटवीत नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तोही पतीच्या मागे फरफटत नव्हे. जातिभेद माणसाने केला, हे आतून पटल्यावर. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेत धान्याच्या डब्याचा विसर पडत नाही.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांचे पितृत्व स्वतःच्या मुलापुरते आखडलेले नव्हते. ‘बापाचे अश्रू’ लिहिणाऱ्या या कवीच्या नगरच्या घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. स्वर्गीय पित्याची सर्व लेकरे ती आपली, हा विचार त्यांनी अक्षरशः आचरला. अर्थात अशा घरात पानावर बसणाऱ्यांची संख्या रोज बदलते, आणि ती मोजण्याचे काम पुन्हा लक्ष्मीबाईंचेच.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे पुत्राचे महाकाव्य अपुरे राहिले. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली ती देवदत्तांच्या, म्हणजे पंढरपूरच्या त्या दत्तूच्या, आग्रहावरून. त्याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या.