पत्राखालची ओळ

‘मॅटर्निटी : लेटर्स फ्रॉम वर्किंग विमेन’ हे पुस्तक १९१५ साली लंडनमध्ये निघालं. ‘विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड’ या कामगार घरांतल्या स्त्रियांच्या संघटनेने आपल्या आजी-माजी पदाधिकारी बायकांकडून गरोदरपणाचे आणि बाळंतपणाचे अनुभव मागवले. ३८६ उत्तरं आली. मार्गारेट ल्युएलिन डेव्हिस यांनी त्यांतली १६० छापली, लिहिणारीचं नाव न देता. या पत्रांचा उल्लेख होतो तो बहुधा सामाजिक इतिहासाचं साधन म्हणून. मला ती गद्य म्हणून वाचावीशी वाटतात.

नाव काढून टाकल्यावर पत्राखाली सहीच्या जागी एक ओळ येते : नवऱ्याची आठवड्याची मजुरी इतके शिलिंग, मुलं इतकी, मृत जन्मलेली इतकी, गर्भपात इतके. वर बाई सांगत असते की लग्नाआधी आपल्या शरीराविषयी आपल्याला काही ठाऊक नव्हतं. सुईणीच्या पैशांसाठी स्वतःच्या ताटातलं कमी केलं. अखेरपर्यंत धुणं उपसलं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, कित्येकदा चक्क माफी मागत सांगते. मग खालची ओळ येते आणि वरच्या संयमाची किंमत कळते. कादंबरीकाराला हे साधायला प्रकरण खर्चावं लागलं असतं.

इंग्रजीत या अवस्थेला तेव्हाचा रूढ शब्द होता ‘कन्फाइनमेंट’, म्हणजे कोंडून राहणं. आपल्याकडे बाळंतपण ‘केलं’ जातं, आणि करणारी दुसरीच असते. आई लेकीचं करते, सासू सुनेचं. (आपल्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीचं कौतुक करण्याचा हेतू नाही. कोंडणं तिथेही होतंच.) त्यामुळे ‘कन्फाइनमेंट’चं भाषांतर ‘बाळंतपण’ केलं की बाईच्या उशाशी आपोआप कोणीतरी येऊन बसतं. मूळ पत्रांत मात्र शेजारीण येऊन जाते, मदतनिशीला द्यायला पैसे नसतात, आणि थोड्याच दिवसांत बाई पुन्हा टबापाशी उभी असते. भाषांतरकाराने इथे जपून राहावं. भारतीय भाषांत हे पुस्तक यायला हवं, म्हणून हे सांगतो आहे.

पुस्तकाची मर्यादाही आहे. संघटनेत पदं भूषवणाऱ्या या बायका त्यांच्या वर्गात त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या होत्या. शिवाय पत्रं लिहिली ती वाचलेल्यांनी. संपादिकेला पहिल्या गोष्टीची जाणीव आहे. पुस्तकामागे मागणीही होती : सुईणी, तपासणीची केंद्रं, प्रसूतिगृहं. १९११ च्या विमा कायद्याने तीस शिलिंगांचा प्रसूतिभत्ता दिला होता; तो नवऱ्याच्या नव्हे, बाईच्या मालकीचा ठरावा म्हणून याच गिल्डला झगडावं लागलं, आणि १९१३ च्या दुरुस्तीने तो तसा ठरला.

प्रस्तावना मंत्री हर्बर्ट सॅम्युएल यांची. महायुद्ध चालू होतं. राष्ट्राच्या बळासाठी लोकसंख्या हवी, हा त्यांचा रोख. पत्रांतल्या बायका मात्र पुढच्या मुलीच्या वाट्याला हे येऊ नये एवढंच म्हणतात. प्रस्तावना शेवटी वाचावी.