लाइटसेबर ‘खरी’ म्हणजे नेमकी कशी?

यूट्यूबवर ‘खरी लाइटसेबर’ शोधली की व्हिडिओंची रांग लागते. एकात गॅसची ज्योत, एकात प्लास्टिकची नळी, एकात थेट क्वांटम भौतिकी. शिक्का मात्र सगळ्यांवर एकच: खरी! आज या एका शब्दाची झडती घेऊ. कारण सिनॉप्सिस लिहायला बसलं की हाच शब्द वेष बदलून येतो आणि आपल्याला गोत्यात आणतो.

आधी मूळ वस्तू बघू. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी ल्यूकच्या तलवारीची मूठ बनवली ती ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशच्या दांड्यापासून. क्रोम चढवलेली पितळी नळी, तिला वरून पकडीसाठी पट्ट्या. पात्यासाठी दांडा होता आणि त्यावर परावर्तक लेप. रस्त्यावरच्या पाट्या हेडलाइट पडताच चमकतात ना, तोच प्रकार. ही चमक पुरेशी पडेना, म्हणून चित्रपटात प्रत्येक फ्रेमवर पातं वेगळं रंगवलं गेलं. म्हणजे ज्याची ‘खरी’ प्रतिकृती करायची, ते मूळच मुळात एक सोंग आहे. मग प्रतिकृती कशाची करायची? पडद्यावर दिसणाऱ्या गुणधर्मांची. ते चार आहेत: पातं ठरावीक लांबीवर थांबतं, दोन पाती एकमेकांवर आदळतात, पातं पोलाद कापतं आणि सगळी ऊर्जा मुठीत मावते.

आता पोलाद कापण्याचा हिशोब करू. कागद-पेन घ्या. ३ सेंमी रुंद, १० सेंमी खोल आणि १ मीटर लांब काप घ्यायचाय. एवढं पोलाद भरतं साधारण २३.५ किलो. खोलीच्या तापमानापासून ते वितळवायला किलोमागे सुमारे १.२५ मेगाज्यूल धरा, म्हणजे एकूण जवळपास ३० मेगाज्यूल. हे १० सेकंदांत उरकायचं तर ३ मेगावॉट शक्ती हवी. १८६५० आकाराच्या एका चांगल्या लिथियम सेलमध्ये साधारण ४० किलोज्यूल असतात. म्हणजे असे ७५० सेल, वजन ३५ किलोंच्या आसपास! म्हणून ‘पातं कशाचं करायचं?’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरी अडचण मुठीत आहे. शिवाय मेगावॉटची उष्णता शेजारी असताना ती मूठ हातात धरवली पाहिजे, हे कुणी बोलतच नाही.

कॅनडाच्या हॅकस्मिथ गटाने २०२० मध्ये केलेली तलवार या कसोटीवर लावून बघा. प्रोपेन आणि ऑक्सिजन विशिष्ट नोझलमधून न डहुळता, सरळ थरांत वाहू दिले की लांब, बारीक ज्योत मिळते. तापमान सुमारे २२०० अंश सेल्सिअस, तर पोलाद वितळतं १५०० च्या आसपास. उत्तम अभियांत्रिकी, यात वाद नाही. पण गॅसच्या टाक्या पाठीवर आहेत आणि दोन ज्योती एकमेकींवर आदळत नाहीत, एकमेकींत मिसळतात. चारपैकी एक गुणधर्म पूर्ण जमला, लांबीचा थोडाफार. पाठीवरची बॅग त्यांनी लपवली नाही, हा प्रामाणिकपणा मला आवडला. शीर्षकात तो उतरला असता तर आणखी आवडला असता.

दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. २०१३ मध्ये हार्वर्डचे मिखाईल लुकिन आणि एमआयटीचे व्लादान वुलेटिच यांच्या गटाने निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या रुबिडियम अणूंच्या वायूत फोटॉनच्या जोड्या एकमेकांशी बांधल्यासारख्या वागतात, हे दाखवलं. एरवी प्रकाशकिरण एकमेकांतून बिनदिक्कत आरपार जातात, त्यामुळे निष्कर्ष खरंच मोठा. त्याला लाइटसेबरची उपमा दिली ती खुद्द लुकिन यांनीच, आणि मग बातम्यांत उपमाच उरली, रुबिडियम गळालं. मोजके फोटॉन, निर्वात कक्ष, अतिशीत वायू: यातलं तलवारीत काय येतं? ‘प्रकाश प्रकाशाला ढकलू शकतो’ एवढंच. उपमा चुकीची नव्हती, पण तिची हद्द कुणी आखली नाही.

आता ज्याला सगळे ‘खेळणं’ म्हणतात त्याकडे येऊ. पॉलिकार्बोनेटची नळी, आत प्रकाश पसरवणारी फिल्म, ॲल्युमिनियमची मूठ. ॲक्रिलिक जास्त पारदर्शक असूनही चालत नाही, कारण जोरात आदळलं की त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट मार सोसतं. नळीत दोन्ही बाजूंनी एलईडी पट्ट्या भरल्या तर मीटरला १४४ या दराने ९० सेंमीत सुमारे २६० एलईडी बसतात. प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरले तर पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला १५ अँपिअरच्या वर! म्हणून चमक मुद्दाम आवरावी लागते. आणि जोरात लढायचं असेल तर अनेक जण पट्ट्या टाळून एलईडी मुठीतच बसवतात, कारण हादऱ्याने पट्टीचे सांधे तुटतात. तिथे ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्याचंही काम करतं. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये लाइटसेबर द्वंद्वाला अधिकृत मान्यता दिली, ती अशाच पॉलिकार्बोनेटच्या पात्यांच्या जोरावर. ज्योतीने कोण कुणाशी खेळणार?

माझं मत स्पष्ट आहे: या तिघांत सर्वांत चोख प्रतिकृती प्लास्टिकचीच. ती पोलाद कापायचा दावा करत नाही. ‘चमकेन आणि आदळले तरी फुटणार नाही’ एवढंच सांगते आणि तेवढं करून दाखवते.

हे मला इतकं का टोचतं? माझ्या पहिल्या प्रगती-सादरीकरणात मी लिहिलं होतं, ‘त्वचेसारखा स्वतः भरून येणारा लेप’. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “त्वचेचा कोणता गुणधर्म? किती वेळात? कितव्यांदा?” माझ्याकडे होती एकाच ओरखड्याची, एकदाच घेतलेली मोजणी. लेप ठीक होता, ‘सारखा’ हा शब्द फुगवलेला होता. घरी आल्यावर वाक्य बदललं: ‘एक ओरखडा, ठरावीक तापमानाला, एकदा भरून येणारा लेप’. वाचायला रुक्ष, पण पुढच्या सादरीकरणात त्यावर एकही प्रश्न आला नाही. उलट दुसऱ्या ओरखड्याचं काय होतं, हा पुढच्या वर्षाचा प्रयोग त्याच वाक्यातून मिळाला.