लग्न मोडल्यानंतरची शारदा

बालविवाहाला बंदी घालणाऱ्या १९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकावरून पडले, असे मी आजवर तीन व्याख्यात्यांच्या तोंडून ऐकले आहे. तिसऱ्या वेळी सभा संपल्यावर हळूच जाऊन सांगितले, की हे नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलेले आहे. विधेयक त्यांनी मांडले होते, म्हणून तो ‘सारडा ॲक्ट’. व्याख्याते हसून म्हणाले, ‘असेल, पण आपलं बरं वाटतं ना!’ माझाही राग टिकला नाही. एखाद्या भाषेने कायद्याचे श्रेय नाटकातल्या मुलीला देऊन टाकावे, यात त्या नाटकाचा मोठेपणा दिसतोच. मात्र या गोड गैरसमजाने एक नुकसान केले आहे. ‘शारदा’ म्हणजे जरठ-बाला विवाहाविरुद्धचे प्रचारनाटक, त्याचे काम कायद्याने पूर्ण केले, आता उरली ती पदे, असे आपण धरून चाललो. नाटकाचे कथानक नीट पाहिले तर ते वेगळेच काही सांगते.

आणखी एक गोष्ट आपण मराठवाड्यातल्या लोकांनी तरी विसरू नये. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड जिल्हा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर निजामाच्या राज्यात होते. माझ्या आजीचे लग्न झाले तेव्हा मुलीचे वय चौदा असावे ही अट पुण्यात होती, आमच्या गावात नव्हती.

देवलांच्या नावावर सात नाटके आहेत. सहांची मुळे संस्कृतात किंवा परभाषेत सापडतात, ‘झुंझारराव’चे ऑथेल्लोत, ‘संशयकल्लोळ’चे मोलिएरपर्यंत मागे जाते. ‘शारदा’ (१८९९) हे एकटे त्यांचे स्वतंत्र. म्हणून त्यातल्या रचनेची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

कथानक वाचकांना ठाऊक आहे, तरी एकदा उजळणी करू. पंचाहत्तरीचा श्रीमंत विधुर भुजंगनाथ. त्याला नवरी मिळवून देणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित. पैशासाठी पोटची मुलगी द्यायला निघालेला कांचनभट. हतबल आई इंदिराकाकू. या सगळ्याला विरोध करणारा तरुण कोदंड. कोदंड बोलतो पुष्कळ, धिक्कार करतो, पण त्याच्या बोलण्याने लग्न थांबत नाही. थांबते ते वधू-वर सगोत्र निघाल्यामुळे.

इथे समीक्षक साधारणपणे नाक मुरडतात. सुधारणेचा एवढा डोंगर उभा केला आणि शेवटी गोत्राचा उंदीर काढला, असा त्यांचा आक्षेप. मला हा आक्षेप उलटा वाटतो. नाटक रंगभूमीवर आले त्याच्या आठच वर्षे आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाचे बिल मंजूर झाले होते. संमतीचे वय दहावरून बारा करण्यावरून टिळक एका बाजूला आणि आगरकर दुसऱ्या बाजूला उभे राहिले होते. त्या भांडणाची धग प्रेक्षागृहात शिल्लक असणारच. मुलगी कोवळी आहे आणि नवरा म्हातारा आहे, म्हणून मांडव मोडला असे दाखवले असते तर अर्ध्या प्रेक्षकांनी टाळी आखडती घेतली असती. देवलांनी लग्न मोडायला असे कारण शोधले, की ज्याला शास्त्रीबुवांनाही नाही म्हणता येणार नाही. यात चातुर्य आहे. पण त्याहून अधिक, कटू वास्तव आहे. शारदेचे वय, तिचे रडणे, आईचा आकांत, यांतले काहीच मांडवात पुरावा म्हणून चालत नाही. चालतो तो गोत्राचा नियम. मुलगी वाचते ती नियमाच्या एका कलमाने, कुणाच्या पाझराने नव्हे.

यानंतर जे येते ते मला या नाटकाचे खरे मर्म वाटते. जगातल्या बहुतेक सुखान्त नाटकांत म्हाताऱ्याचे लग्न फिसकटले की दाराआड तरुण प्रियकर तयारच असतो. मोलिएरच्या ‘बायकांची शाळा’मध्ये (१६६२) तेच, स्पेनच्या मोरातीनच्या ‘मुलींचा होकार’ या १८०६ च्या नाटकात तेच. तिथे तर वयस्क नवरदेव स्वतःच शहाणपणाने बाजूला होतो आणि पुतण्याचे लग्न लावून देतो. मोडलेले लग्न आणि जुळलेले लग्न यांच्यामध्ये मुलीला श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही.

आमच्या देगलूर-बिलोलीकडच्या वाचकांना गुरजाड अप्पारावांचे ‘कन्याशुल्कम्’ ऐकून माहीत असेल. हे तेलुगू नाटक पुस्तकरूपाने १८९७ मध्ये आले, म्हणजे ‘शारदा’च्या दोनच वर्षे आधी. विषय सख्ख्या बहिणीसारखा. अग्निहोत्रावधानी आपली चिमुरडी सुब्बी पैसे घेऊन म्हाताऱ्या लुब्धावधानीला द्यायला निघतो. तिचा मामा करटकशास्त्री युक्ती करतो आणि आपल्या शिष्याला मुलीचा वेष देऊन त्यालाच नवरी म्हणून पुढे करतो. फजितीचा कळस होतो, सुब्बी सुटते. अप्पारावांचा विनोद देवलांपेक्षा धारदार आहे, ढोंगी सुधारक गिरीशम्ला तर मराठीत जोड नाही. पण सुब्बीला हळदही लागत नाही, म्हणून लग्न मोडल्यावर तिचे काय, हा प्रश्न त्या नाटकाला पडतच नाही. (तिकडे कथानकात मुलगा नवरी होतो. इकडे शारदेचे काम करणारेही त्या काळी मुलगेच होते. या योगायोगावर कुणी तरी स्वतंत्र लिहावे.)

देवलांना तो प्रश्न पडला. शारदेचे लग्न झाले नाही आणि ‘झाले नाही’ असेही कुणी ठामपणे म्हणेना. विधी अर्धे झालेली मुलगी ना कुमारी, ना सौभाग्यवती. तिला दुसरा नवरा मिळेल असे कुणाला वाटत नाही, आणि ती नदीवर जीव द्यायला जाते. मला इथे नेहमी थबकायला होते. लग्नाच्या भीतीपेक्षा लग्न मोडल्यानंतरचा एकटेपणा तिला अधिक जड गेला आहे. सुटकेनंतर मुलगी मरायला निघते, हे त्या काळी कथानकात आणणे सोपे नव्हते.

मला हे पुस्तकातून कळले नाही. मी मोंढ्यातल्या आडतीवर हिशेब लिहिणारा माणूस. वजिराबादच्या रद्दीत मिळालेली ‘शारदा’ची पुठ्ठा गेलेली प्रत कित्येक वर्षे घरात पडून होती. काही वर्षांपूर्वी मुखेड तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मुलगी दहावीत. बाप दरसाल ऊसतोडीला जाणारा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्यावरच उचल मिळते, त्यामुळे मुलाकडच्यांना हंगामाआधी सून हवी होती. कुणी तरी १०९८ वर फोन केला. ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस आले. बापाने अठरा वर्षे होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र अंगठा उठवून दिले. अधिकाऱ्यांचे वागणे नियमाला धरून आणि सभ्य होते. सगळे निघाले तेव्हा मुलीची आई गाडीजवळ जाऊन म्हणाली, ‘हळद लागलेल्या लेकराला आता कोण करून घेईल, सायेब?’ त्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच अर्जात नव्हते. घरी आलो आणि ती रद्दीतली प्रत काढून नदीचा प्रवेश पुन्हा वाचला.

आजचा कांचनभट लोभी असतोच असे नाही, हे मान्य करायला हवे. देवलांचा बाप मुलगी विकतो. आमच्याकडचा बाप बहुतेकदा भितो. सहा महिने कारखान्याच्या फडात राहायचे, मागे वाढत्या वयाची मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? कांचनभटाचा धिक्कार करणे प्रेक्षकाला सोपे जाते, या बापाचा करताना जीभ अडखळते. इंदिराकाकू मात्र सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

कायद्याची गोष्टही नाटकाच्या जवळ जाते. १९२९ च्या कायद्याने लग्न लावणाऱ्याला शिक्षा होती, पण लागलेले लग्न रद्द होत नव्हते. २००६ च्या कायद्यातही अपवाद सोडले तर बालविवाह आपोआप रद्द होत नाही. तो रद्द व्हावा म्हणून लहान वयात लग्न झालेल्या पक्षालाच, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, न्यायालयात जावे लागते. म्हणजे ‘हे लग्न झाले की नाही’ हा शारदेच्या नशिबी आलेला प्रश्न आजही कुणी तरी अधिकारी व्यक्तीने सोडवायचा आहे. नाटकात तो शंकराचार्यांच्या निर्णयाने सुटतो.

आणि इथेच देवल मला कमी पडलेले दिसतात. शारदेला वाचवणारा कोदंड ब्रह्मचर्याचा संकल्प केलेला. तो मोडून तोच तिच्याशी लग्न करतो. प्रेक्षक सुखावतो, पण याचा अर्थ असाही होतो की लग्न मोडलेल्या मुलीला जगवायचे तर तिला वाचवणाऱ्यानेच नवरा व्हायला हवे. नवऱ्याविना उभी राहिलेली शारदा देवलांना सुचली नाही. त्या काळाच्या मानाने हे क्षम्य आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. पण त्याआधी चार-पाच वर्षे सासरी नांदायला नकार देऊन खटला लढवलेल्या रखमाबाई इंग्लंडहून डॉक्टर होऊन परतल्या होत्या, हेही त्याच काळाचे मान आहे.

मध्यंतरी लातूरला एक हौशी प्रयोग पाहिला. दोन तासांत बसवण्यासाठी काटछाट केलेली. गोत्र उघड झाले, भुजंगनाथाची पगडी उडाली, हशा झाला आणि लगेच कोदंड-शारदेवर अक्षता पडल्या. नदीचा प्रवेश गाळला होता. नंतर रंगपटात दिग्दर्शकांना विचारले. म्हणाले, ‘तिथं प्रयोग पडतो हो, कोणी हलत नाही.’ पुढच्या प्रयोगाला तेवढे एक ठेवून पाहा, असे मी त्यांना सांगून आलो आहे.