दंतमूळ आणि दूरस्थ व्याधी : एका कारणमीमांसेची चिकित्सा

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहादा तालुक्यात भिल्ल आणि पावरा समाजांची वस्ती मोठी आहे. हातपाय ठणकणे, वरचेवर ताप येणे, थोड्या श्रमाने थकवा वाटणे, अशा ज्या तक्रारींचे निदान एका तपासणीत होत नाही, त्या घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात किडका दात किंवा पू धरलेली हिरडी आढळणे मुळीच दुर्मिळ नाही. दोन्ही गोष्टी एकाच देहात दिसल्या म्हणजे पहिलीचे कारण दुसरीत शोधण्याचा मोह होतो. हा मोह कितपत युक्त आहे, याचा विचार येथे प्रस्तुत आहे.

मुख आणि दूरचे अवयव यांचा संबंध आपल्याकडे प्राचीन काळापासून मानला गेला आहे. सुश्रुताने सात स्थानांतील ६५ मुखरोग सांगितले. वरचा दात हलत असला तरी उपटू नये, अन्यथा दृष्टीस अपाय होतो व अर्दित जडते, असा इशाराही दिला. वरचा दात काढल्याने डोळा जातो, ही समजूत आजही ऐकू येते. याच्या नेमके उलट मत विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य वैद्यकात प्रबळ झाले. १९१० साली विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात, सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसविणाऱ्या दंतवैद्यकावर कठोर टीका केली आणि पांडुरोगापासून मनोविकारापर्यंत अनेक व्याधींचे मूळ मुखातील पुवात पाहिले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी या मताला ‘केंद्रस्थ संसर्गा’च्या सिद्धांताचे रूप दिले.

सिद्धांताचा खरा कस त्याच्या परिणामांत लागला. अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन यांनी रुग्णांचे दात सरसकट काढविले. त्याने गुण येईना, तेव्हा संसर्गाचे केंद्र टॉन्सिलमध्ये, पुढे आतड्यात शोधले. आतड्यांवरील शस्त्रक्रियांत अनेकांचे प्राण गेले. फिलिस ग्रीनेकर यांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या चौकशीत कॉटन यांचे यशाचे दावे टिकले नाहीत. तथापि तो अहवाल प्रसिद्धच झाला नाही. पुढे १९३८ मध्ये, पूर्वी या मताचे पुरस्कर्ते असलेले रसेल सेसिल यांनी अँजेव्हाइन यांच्यासह संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेऊन हे मत नाकारले.

येथील मूळ दोष तर्काचा होता. गुण आला तर सिद्धांत खरा, न आला तर केंद्र अन्यत्र दडलेले, अशी रचना असलेले मत कधीच खोटे ठरत नाही. म्हणून ते काही सिद्धही करीत नाही. शिवाय संधिवात आपोआप कमीजास्त होणारा विकार आहे. दात काढल्यानंतर आलेला उतार हा दात काढल्यामुळेच आला, असे त्यावरून म्हणता येत नाही.

तथापि सिद्धांत कोसळला म्हणून प्रत्येक संबंध खोटा ठरत नाही. मुखातील जंतू रक्तात शिरून हृदयाच्या सदोष झडपांवर वाढतात आणि महिनोन्‌महिने केवळ बारीक ताप व अशक्तता एवढीच लक्षणे दिसू शकतात. येथे कार्यकारणभाव निश्चित आहे. मधुमेहात हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत सरासरी रक्तशर्करेचा निर्देशांक सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात आढळले. याउलट, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत गर्भवतींच्या हिरड्या उपचारांनी सुधारल्या, परंतु अकाली प्रसूतींचे प्रमाण घटले नाही. तात्पर्य, प्रत्येक संबंधाची कसोटी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

शहाद्याच्या संदर्भात या भेदाला विशेष महत्त्व आहे. भारतात १९५२ साली प्रथम नोंदला गेलेला सिकल सेल हा आनुवंशिक रक्तदोष नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. हाडांतील वेदना, थकवा, पांडुता ही त्याचीच लक्षणे होत. त्याच्या आघातात जबड्याचे हाड दुखते, कधी खालचा ओठ बधिर होतो, आणि अशा वेळी निरोगी दातावर संशय येतो. दुसऱ्या बाजूने, दाताचा खरा संसर्ग या रुग्णांत वेदनेचा आघात ओढवू शकतो. म्हणजे कारण आणि कार्य येथे दोन्ही दिशांनी जागा बदलतात. रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी आणि तीत दोष दिसल्यास पुढील निश्चिती, एवढ्याने हा गुंता पुष्कळसा सुटतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र तपासणीचा धागा मध्येच तुटतो, आणि दुखरा दात काढून टाकणे हाच सोपा उपाय ठरतो.

‘अज्ञात कारण’ हा शब्द रोगाचे स्वरूप सांगत नाही. तपासणी कोठवर झाली एवढेच तो सांगतो. मुख पाहिल्यावाचून ज्वराचे निदान करणारा वैद्य जितका चुकतो, तितकाच रक्त पाहिल्यावाचून दात उपटणाराही चुकतो. केंद्रस्थ संसर्गाच्या इतिहासाने दिलेला हा धडा शहाद्यातील रुग्णाच्या बाबतीत केवळ ऐतिहासिक नाही.